लग्नाच्या गाडीचा भाव

दादा जाऊन दोन महिने झाले तेव्हा वहिनींनी मला गाडीचा भाव विचारला. रविवार होता. चर्चमधली उपासना आटोपून मी नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. रस्सा वाढता वाढता त्या म्हणाल्या, भाऊजी, तुमचा धंदाच हा, तर आपल्या गाडीचं काय येईल ते नीट बघून सांगा. एक रुपया जास्त नको आणि एक रुपया कमी नको. मी मान हलवली आणि भाकरी मोडत राहिलो. मला त्या प्रश्नाचं काहीच वाटलं नाही. तसं त्या दोन महिन्यांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

मी विम्याचा सर्व्हेअर आहे. नगर जिल्ह्यात कुठं ट्रक उलटला, उसाची ट्रॉली पुलावरून खाली गेली, शिर्डीच्या रस्त्यावर भाविकांची जीप कशावर आदळली, की दुसऱ्या दिवशी मी तिथं वही घेऊन उभा असतो. पत्रा किती, काच किती, रबर किती, घसारा किती, आणि उरलेलं भंगार किती. सीटवर रक्त असलं तरी मी सीटचीच किंमत लिहितो. तीस वर्षं हे केल्यावर माणूस दगड होतो असं माझी बायको म्हणते. मी तिला म्हणायचो की दगड बरा, त्याला घसारा नसतो. दादाच्या दफनाच्या दिवशी मात्र मला तिचं पटलं. सगळे रडत होते आणि मी शववाहिकेच्या मागच्या उजव्या टायराकडे बघत होतो. ते आतल्या बाजूनं झिजलं होतं. अलाइनमेंट गेली आहे, ड्रायव्हरला सांगायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि परत येताना मी ते त्याला सांगितलंही.

वहिनींची अडचण सरळ होती. दादा एका संस्थेच्या तंत्रशाळेत वर्कशॉपचा शिक्षक होता. निवृत्त झाल्यावरही संस्थेनं त्या दोघांना क्वार्टरमध्ये राहू दिलं होतं, कारण पाण्याची मोटार, जनरेटर आणि शाळेची घंटा यांच्याकडे बघणारा दुसरा कुणी नव्हता. आता बघणाराच गेला. मेअखेर जागा मोकळी करून द्या, असं पत्र आलं होतं. पत्राची भाषा चांगली होती, सांत्वनाच्या दोन ओळीही होत्या. सावेडीच्या बाजूला दोन खोल्यांचा एक फ्लॅट वहिनींनी पाहून ठेवला होता. तळमजला, खिडकीतून लिंबाचं झाड. फंडातले आणि दागिन्यांचे पैसे धरून जे कमी पडत होतं ते गाडीतून यायला हवं होतं. नाहीतर पाथर्डीला माहेरी, भाच्याच्या घरात एक कोपरा. वहिनींना मूलबाळ नाही. कोपऱ्यात राहण्याचा त्यांचा स्वभावही नाही.

गाडी म्हणजे दोन सीटची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. बुटकी, लांब नाकाची, एके काळी हिरवी. छावणीतल्या कुणा गोऱ्या साहेबानं ती आणली, जाताना इथल्या मिशनच्या डॉक्टरला दिली, आणि डॉक्टर परत गेला तेव्हा ती दवाखान्याच्या शेडमध्ये पडून राहिली. तिच्यात कोंबड्या बसायच्या. दादा तेव्हा नुकता नोकरीला लागला होता. त्यानं शेड रिकामी करून देण्याच्या बदल्यात ती मागून घेतली, कागद रीतसर स्वतःच्या नावावर केले आणि चार वर्षं खपून ती चालू केली. पहिल्यांदा ती कंपाउंडच्या बाहेर पडली तेव्हा आमच्या आईनं दादाला विचारलं होतं, की अरे, एवढा जीव काढलास, पण आपण सहा माणसं, हिच्यात बसायचं कुणी? मग आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका मुलीचं लग्न आलं आणि उत्तर मिळालं.

तेव्हापासून आमच्या मंडळीतली नवरी त्या गाडीतूनच चर्चला जाऊ लागली. शेजारी दादा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, ताशी दहाच्या वेगानं. पैसे तो घेत नसे. नवरीकडच्यांनी पेट्रोल भरायचं आणि हार आणायचा, एवढीच रीत. हार वाऱ्यानं उडायचा म्हणून त्यानं बॉनेटला ड्रिलनं दोन भोकं पाडली आणि त्यात पितळी कड्या बसवल्या. माझी बायकोही त्याच गाडीतून आली. मी दारात उभा होतो, आणि आधी मला ती दिसली की गाडी, हे ती मला अजून विचारते.

आता हिची किंमत काढायची होती. माझ्या नेहमीच्या तक्त्यात एवढ्या वयाची गाडी बसत नाही. तक्त्याप्रमाणे तिची किंमत केव्हाच शून्याच्या खाली गेली होती. पण शून्यात कुणी गाडी देत नाही आणि घेणारेही ते समजून असतात. मी दोन दिवस वर्कशॉपच्या शेडमध्ये बसून वहीत नोंदी केल्या. चासी मूळची, सरळ, गंज किरकोळ. पत्रा मूळचा, डाव्या दारावर जुनी डागडुजी. सीटचं कव्हर रेक्झिनचं, कापडबाजारातल्या शिंप्यानं शिवलेलं, शिवण उत्तम पण चुकीची. उजवा हेडलाइट ट्रॅक्टरचा. पेट्रोलच्या टाकीला पितळेचा डाख. बॉनेटला दोन भोकं. हे लिहिताना माझा हात अजिबात थांबला नाही. भोकांपुढे मी कंसात लिहिलं, वजावट.

मग मी पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. तो जुन्या गाड्यांचं मूल्यांकन करतो. मी सांगत गेलो आणि तो हं हं करत गेला. शेवटी त्यानं एकच विचारलं, इंजिन मूळचं आहे का? आरसी बुकातला नंबर आणि इंजिनावरचा नंबर एकच असेल तर एक भाव, नसेल तर निम्मा. बाकी सीट, दिवे, भोकं हे सगळं चहापाण्याचं आहे, असं तो म्हणाला.

मला मोठे आकडे ट्रॅक्टरमध्येच समजतात. आमच्याकडे सगळ्यांनाच तसे समजतात. लग्नाचा खर्च असो की ऑपरेशनचा, माणूस मनात ट्रॅक्टर उभे करून बघतो. वहिनींना फ्लॅटसाठी कमी पडत होते ते चार नव्या ट्रॅक्टरचे पैसे. मूळ इंजिनाची गाडी असेल तर भाव चार ट्रॅक्टर. नसेल तर दोन. मी वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि पान उलटलं.

त्या ओळखीच्या माणसानंच गिऱ्हाईक सुचवलं. पुण्याचे एक गृहस्थ, जुन्या गाड्या जमवणारे. फोनवर फार सभ्य बोलले. म्हणाले, "किंमत तुम्ही सांगा. मी घासाघीस करत नाही. पटली तर घेतो, नाही पटली तर चहा पिऊन जातो." इंजिनाचा काही कागद असेल तर तेवढा पाठवा, असंही म्हणाले. मी वहिनींना विचारलं. त्यांनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून फाइल काढली आणि फाइलमधून सगळ्यांत वरचा कागद माझ्या हातात दिला. तो माझाच होता. पंधरा वर्षांपूर्वीचा पाहणी अहवाल, खाली माझी सही आणि शिक्का. इंजिन क्रमांक नोंदीप्रमाणे आढळला. शेजारी पेन्सिलीचा ठसा चिकटवलेला.

हा ठसा कसा घेतात ते सांगायला हवं. नंबर लोखंडात ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासायची. कागद काळा होतो आणि आकडे पांढरे उमटतात. फोटो काढायची सोय आली तरी आम्ही जुने लोक अजून ठसा घेतो, कारण बोटांना जे कळतं ते फोटोत येत नाही.

त्या दिवशी मला बोटांनी कळलं होतं. गाडीच्या विम्यासाठी अहवाल हवा होता. सख्ख्या भावाच्या गाडीचा अहवाल मी द्यायला नको होता, पण गावात एवढं कोण बघतं. दादानं बॉनेट उघडून धरलं. मी कागद लावून पेन्सिल घासली आणि नंबरातले दोन सात वर आले. दोन्ही साताच्या डोक्याला डावीकडे बारीकसं शिंग होतं. ते शिंग मला चांगलं ओळखीचं होतं. दादाच्या पेटीतला लोखंडावर सात ठोकायचा नंबर-पंच फार वर्षांपूर्वी हरवला होता आणि त्यानं कानस मारून स्वतःच एक बनवला होता, तो जरासा चुकला होता. घरातल्या पान्यांवर, आईच्या पितळी डब्यांवर, माझ्या शाळेच्या पत्र्याच्या पेटीवर सगळीकडे तोच शिंगाचा सात. विलायतेतल्या कारखान्यात दादाचा पंच असायचं कारण नव्हतं. म्हणजे इंजिन दुसरं होतं आणि नंबर दादानं ठोकला होता.

मी कागद हातात धरून थांबलो. दादा बॉनेट धरून थांबला. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण हार अडकवायची एक कडी वाऱ्यानं वाजत होती ती मला आठवते. मग मी म्हणालो की ऊन फार झालंय, आत बसून लिहितो. तो बरं म्हणाला. आत बसून मी लिहिलं, नोंदीप्रमाणे आढळला.

त्याबद्दल आम्ही नंतर कधीच बोललो नाही. माझ्या मनात त्याच्याबद्दल राग होता. असं करण्याआधी त्यानं मला सांगायला हवं होतं, माझ्या सहीचा त्यानं असा वापर करायला नको होता, असं मला वाटायचं. पण राग बोलून दाखवायला विषय काढावा लागतो. मी दर रविवारी जात राहिलो, जेवत राहिलो, मागच्या अंगणात ड्रममधलं पाणी घेऊन हात धूत राहिलो. आम्ही पाण्याच्या पाळीबद्दल बोलायचो, चर्चच्या नव्या पाळकसाहेबांबद्दल बोलायचो, गुडघ्यांबद्दल बोलायचो. पूर्वी माझ्या प्रत्येक केसची गोष्ट त्याला हवी असायची. गाडी कशी आदळली असेल हे तो काडेपेट्या मांडून दाखवायचा. ते बंद झालं. गाडीही त्यानं गावाबाहेर न्यायचं बंद केलं. आम्ही पंधरा वर्षं एका ताटलीतली कांदाभजी खाल्ली आणि एकमेकांकडे पाहिलं नाही.

आता तो कागद परत माझ्या हातात आला होता. तो नुसता पुढे पाठवला असता तर वहिनींना फ्लॅट मिळत होता. खोटं नव्यानं बोलायचंही नव्हतं, जुनंच फक्त चालू ठेवायचं होतं. मी तो कागद घरी आणला आणि तीन दिवस टेबलावर ठेवला. ठरवायला तीन दिवस लागावेत असं त्यात काही नव्हतं. मला अपराधी वाटत होतं असं म्हणावं तर तेही नाही. मी फक्त हिशोब करत होतो. गृहस्थ इंजिन उघडणार, त्यांचा मिस्त्री जाणता असणार, तो ठोकलेल्या आकड्यांवर बोट फिरवणार. मग गाडी परत, पैसे परत, आणि तोवर वहिनी फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या. शिवाय दादाचं नाव पुण्यातल्या चार लोकांत चोर म्हणून जाणार. माझंही जाणार, पण त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. चौथ्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुम्ही त्यांना त्या दिवशीच का नाही विचारलं?" मी चप्पल घालून बाहेर पडलो.

वहिनी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. गाडीचा योग्य भाव चार ट्रॅक्टरचा नाही, दोनचा आहे. इंजिन मूळचं नाही. माझा कागद खोटा आहे. सावेडीचा फ्लॅट यात होणार नाही. सर्व्हेच्या आवाजात सांगितलं, ज्या आवाजात मी लोकांना त्यांची गाडी टोटल लॉस आहे असं सांगतो. त्या रडतील किंवा चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ते मला ठाऊक हाय, भाऊजी. तुमी सांगताय का न्हाई तेवढंच बघायचं हुतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पाथर्डीकडच्या एका गावातल्या चर्चमध्ये लग्न होतं. नवरी नगरची. तिच्या बापानं फार हट्ट केला म्हणून दादा एवढ्या लांब गाडी घेऊन निघाला. करंजीच्या घाटात पाणी उकळलं, गाडी बंद पडली. बारा वाजलेले, नवरी शेजारी बसून रडायला लागली, की लोक काय म्हणतील, वेळ टळली. इंजिन निवायला तासभर थांबायला हवं होतं. वर्कशॉपमध्ये दादाचा पहिला धडाच तो असायचा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. जो ओतेल त्यानं उद्यापासून येऊ नये. आणि त्या पोरीचं रडं बघवेना म्हणून दादानं शेजारच्या हॉटेलातून बादली आणली आणि ओतली. कडकन आवाज झाला म्हणे. ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य लोखंडी ठोकळ्याला, वीतभर तडा गेला. नवरीला एका प्रवासी जीपमध्ये बसवून पुढं पाठवलं आणि गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागं बांधून नगरला आणली. सगळ्यांना त्यानं सांगितलं की क्लच गेला. भंगारात त्याच जातीचं दुसरं इंजिन मिळालं, पासिंग जवळ आलं होतं, मग नंबर ठोकला.

"लाज वाटत हुती त्यांना," वहिनी म्हणाल्या. "एवढ्या पोरांना शिकवलं आन् सोताच ओतलं. मला म्हनले, धाकट्याला कसं सांगू."

मी विचारलं, मी ओळखलं हे त्याला कळलं होतं का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"न कळायला काय झालं? तुमी गेल्यावर जेवले न्हाईत ते. म्हनले, त्याला सात ओळखू आला. कागद धरून उभा हुता. नुसतं विचारलं असतं, तर सगळं सांगून मोकळा झालो असतो."

बोलण्यासारखं जे होतं ते बोलायची वेळ पंधरा वर्षांपूर्वी होऊन गेली होती. काहीतरी विचारायचं म्हणून, मी विचारलं, मूळ ब्लॉकचं काय केलं? भंगारात घातला असेल.

वहिनींनी हातानं मागच्या अंगणाकडे दाखवलं.

मागच्या अंगणात नळाशेजारी पाण्याचा निळा ड्रम असतो. एका बाजूला विटांचा थर, दुसऱ्या बाजूला लोखंडाचा एक ठोकळा, वर शहाबादी फरशी, फरशीवर ड्रम. तो ठोकळा मी दर रविवारी पाहिला होता, म्हणजे त्याच्या अर्ध्या हातावर उभा राहून मी हात धुतले होते, कधी त्यावर पाय टेकून चपलेचा चिखल काढला होता. मी खाली बसलो. चार सिलिंडरची भोकं, सिमेंट भरून बुजवलेली नाहीत, सुतळीनं बांधलेल्या चिंध्यांचे बोळे घालून बंद केलेली. आतून ग्रीस. बाहेरून ऑइलपेंट, थरावर थर. दर नाताळच्या आधी घराला रंग लागायचा तेव्हा ह्यालाही लागायचा, असं वहिनी मागं उभ्या राहून सांगत होत्या. बाजूला तडा. आणि नंबराची जागा नळाच्या बाजूला, म्हणजे हात धुणाऱ्याच्या बाजूला केलेली. तेवढ्या चार बोटं जागेला रंग नव्हता. तिथं फक्त ग्रीस लावलेली होती, आणि ती जुनी नव्हती. शेवटची त्यानं ह्या थंडीत लावली असणार, दवाखान्यात जाण्याआधी.

"म्हनायचे, दर रईवारी हितं हात धुतो," वहिनी म्हणाल्या. "एक दिवस बघंल खाली."

मी खिशातून कागद काढला. पेन्सिल माझ्याकडे कायम असते. ग्रीस पुसली, कागद लावला आणि घासायला लागलो. पहिला ठसा बिघडला, कागद सरकला. दुसरा फाटला. मला वाटलं पेन्सिलीचं टोक खराब आहे, म्हणून ते विटेवर घासून घेतलं. तिसऱ्या वेळी वहिनींनी खाली बसून कागदाची दोन टोकं धरली, तेव्हा कुठं आकडे उमटले. कारखान्याचे सात, सरळ डोक्याचे, बिनशिंगाचे. ते कोरडे, नीट आकडे बघताना मला त्या चुकलेल्या साताची इतकी आठवण आली की मी तिथंच ओल्या फरशीवर बसून राहिलो. रडलो नाही. वहिनी चहा टाकायला आत गेल्या.

त्या रात्री उशिरापर्यंत बसण्याची गरज पडली नाही. अर्ध्या तासात मी नवा अहवाल लिहिला. गाडीत बसवलेलं इंजिन मूळचं नाही. त्यावरील क्रमांक नंतर ठोकलेला आहे. मूळ ब्लॉक तडा गेलेल्या अवस्थेत, उत्तम जपलेला, मालकाकडे उपलब्ध आहे. माझ्या मागील अहवालातील नोंद चुकीची होती आणि ती चुकीची आहे हे मला सही करताना माहीत होतं. शेवटचं वाक्य धंद्याच्या दृष्टीनं मूर्खपणाचं होतं. ते मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं. दोन्ही ठसे शेजारी शेजारी चिकटवले आणि गृहस्थांना पाठवले.

ते रविवारी दुपारी आले, बरोबर त्यांचा मिस्त्री. मिस्त्रीनं आधी गाडी पाहिली, मग मागच्या अंगणात गेला. ड्रम रिकामा करून आम्ही बाजूला घेतला होता. त्यानं चिंध्यांचे बोळे काढले, सिलिंडरमध्ये बोट फिरवलं, तडा नखानं चाचपला आणि म्हणाला, शिवता येईल, पिना बसवून असे तडे शिवून देणारे लोक आहेत. मग तो हसला आणि म्हणाला की ज्यानं हे ठेवलं त्याला एक दिवस हे परत बसवायचं होतं. गृहस्थांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तर काय किंमत?"

चारचा आकडा आता खोटा होता आणि मूळ ब्लॉक हाती असल्यावर दोनचाही खोटा होता. मी आदल्या रात्री पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं होतं. तडा शिवण्याचा खर्च, पुन्हा इंजिन बांधण्याचा, सीट, दिवा. भोकांची वजावट मी खोडली होती. मी तीन ट्रॅक्टरचा आकडा सांगितला आणि हे मालकीणबाईंना मान्य असेल तरच, असं म्हणालो. गृहस्थांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजींनी सांगितलं ते खरं हाय." गृहस्थांनी मान डोलावली, चहाही प्यायले आणि गाडीही घेतली. भोकं बुजवणार का, असं मी त्यांना विचारलं नाही.

टेम्पोत गाडी चढवली तेव्हा मंडळीतल्या चार-सहा बायका आल्या होत्या. त्यातली प्रत्येक जण कधी ना कधी त्या गाडीत बसलेली. एकीनं निशिगंधाचा हार आणला आणि कड्यांना बांधला. शेजारी ब्लॉक पोत्यात गुंडाळून ठेवला. टेम्पोची मागची दोन्ही टायरं नवी होती.

तीन ट्रॅक्टरमध्ये सावेडीचा फ्लॅट बसत नव्हता. केडगावला एका खोलीचं घर मिळालं, स्वयंपाकाचा ओटा त्यातच. खिडकीतून शेजारची भिंत दिसते. वहिनी म्हणतात की एकटीला रग्गड झालं. मी त्यांना दोनदा विचारलं, तुम्हाला वाईट वाटतं का, मी तो जुना कागद पाठवायला हवा होता का. पहिल्यांदा त्यांनी माझ्या ताटात आणखी भाकरी वाढली. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "तुमी आता लई विचारायला लागलाय," आणि हसल्या.

क्वार्टर सोडायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी मी तिथं जेवलो. सामान बांधलं होतं, आम्ही जमिनीवर कागद पसरून खाल्लं. मग मी मागच्या अंगणात गेलो, ड्रममधून तांब्या भरून घेतला आणि हात धुण्याआधी खाली पाहिलं. ब्लॉकच्या जागी चार विटा होत्या.